मामाला लावलेला टिळा

आपल्याकडच्या लग्नात एक वेळ अशी येते की गुरुजी माईकवरून सांगतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' मग खोलीच्या दाराशी थोडी धावपळ होते, कुणीतरी मामांची टोपी शोधतं आणि मामा भाचीला बोहल्यावर घेऊन येतात. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते तिच्या पाठीशी उभे असतात. माझ्याही लग्नात माझे मामा उभे होते. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आहेत, आणि ते भक्तिभावाने मिटले होते असं म्हणणाऱ्याने माझ्या मामांना उभ्या उभ्या पेंगताना पाहिलेलं नाही. असा एखादा फोटो नसलेलं घर पुण्यात शोधून सापडायचं नाही. अशाच एका फोटोवर एक फौजदारी अपील अडलं होतं आणि त्या अपिलात मी नवरीच्या धाकट्या बहिणीची वकील होते.

शिवाजीनगर कोर्टाच्या समोरच्या गल्लीत माझं एका खोलीचं ऑफिस आहे. पोटगी, घटस्फोट, भाडेकरू अशी कामं करत वर्षं गेली. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेकडून येणारी कामंही घेते. या लेखात कुणाचंही नाव येणार नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे आणि माझ्या मते हा आपल्याकडचा एक शहाणा कायदा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदललेलेही आहेत. 'कोण हो ती?' असं विचारायची ज्यांना हौस आहे, त्यांनी इथेच थांबून दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं.

मुलीची आई हडपसरची. एका कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुली. तिला एकच धाकटा भाऊ, आणि त्याला तिनेच लहानाचा मोठा केलेला. नवरा गेल्यावर या भावाचा आधार झाला. रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं तोच बघायचा, आठवड्यातून दोनदा जेवायला असायचा. धाकटी मुलगी सहावीत गेली तेव्हापासून पुढे दोनेक वर्षं, आई पाळीवर गेलेली असताना त्याने तिच्याशी जे केलं, ते खालच्या कोर्टाच्या कागदांत एकदा लिहिलेलं आहे. तिने ते एकदा सांगितलं, तेवढं पुरे. मी इथे पुन्हा लिहिणार नाही.

हे उघड झालं ते थोरलीच्या लग्नामुळे. लग्न आठवड्यावर आलं होतं. धाकटीने करवली व्हायचं, म्हणजे हातात दिवा घेऊन नवरीच्या मागे, मामाच्या शेजारी उभं राहायचं. नवी साडी आणलेली, ब्लाऊज शिवून आलेला. मुलगी साडी नेसून बघायला तयार होईना. आई रागावली तशी ती मोरीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. आईने बाहेरून बडबड केली, दार वाजवलं, शेवटी नरमाईने विचारलं, तेव्हा मुलीने बंद दाराआडून सगळं सांगून टाकलं.

आईने त्याच क्षणी तिच्यावर विश्वास ठेवला. हे मला तिने नंतर सांगितलं आणि मला ते खरं वाटतं. पण विश्वास ठेवून तिने काय केलं, तर ती म्हणाली, 'लग्न उरकू दे.' कार्यालय ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, स्थळही त्या भावानेच आणलेलं. आणि ऐन वेळी नवरीमागे मामा नाही म्हटल्यावर अख्खा मांडव विचारणार, मामा कुठाय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी तिने मूठ झाकली. धाकटीला ताप आलाय असं सांगून जेवणाच्या हॉलमागच्या खोलीत बसवून ठेवलं. करवली म्हणून जावेची मुलगी उभी राहिली. गुरुजींनी हाक दिली आणि तो माणूस थोरलीला घेऊन बोहल्यावर आला. नंतर आईने त्याला टिळा लावला, टॉवेल-टोपी दिली, मानाचा आहेर केला. फोटोग्राफरने ते टिपलं. फोटोत तिचा अंगठा भावाच्या कपाळावर आहे आणि ती हसते आहे.

महिन्याभरात थोरलीचं माहेरपण झालं, ती सासरी रुळली, आणि मग एके दिवशी आईने कारखान्यात सुट्टी टाकली आणि धाकटीला घेऊन पोलीस चौकीत गेली. सख्ख्या भावाविरुद्ध तिने फिर्याद दिली. तिच्या माहेरचं दार त्या दिवशी बंद झालं. उशिरा कळवलंस म्हणून तुलाच आत घालतील, असंही कुणीतरी तिला घाबरवलं होतं. तरी ती गेली.

खटला पुण्यात चालला. तेव्हा मी यात नव्हते, सरकारी वकील होते. मी नंतर कागद वाचले. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने आईला तो फोटो दाखवला आणि विचारलं की टिळा लावताना तुम्हाला हा सगळा प्रकार ठाऊक होता का. हा सापळाच होता. ठाऊक नव्हतं म्हणाली तर मुलगी खोटी ठरणार, कारण मुलीने आधीच सांगितलं होतं की तिने लग्नाआधी आईला सांगितलं. ठाऊक होतं म्हणाली तर आई कसली, असं म्हणायला ते मोकळे. आईचं उत्तर जबाबात एका ओळीत आहे. 'होय, मला ठाऊक होतं. तरी मी टिळा लावला.' मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. इतकी वर्षं वकिली करून मला साक्षीदारांच्या खरेपणाचं फारसं कौतुक उरलेलं नाही, पण या बाईचं वाटलं.

मामाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याने हायकोर्टात अपील केलं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून जामीन द्या असा अर्ज केला. अशा अर्जावर मुलीचं म्हणणं ऐकावं लागतं. तिच्या बाजूने विधी सेवेने मला नेमलं, तिथून हे प्रकरण माझ्याकडे आलं. जामीन मिळाला नाही, पण अपील लवकर ऐकू असं कोर्टाने सांगितलं.

मायलेकी पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा मुलगी वीस वर्षांची झालेली. खराडीला एका कंपनीत नोकरी, तिथेच मैत्रिणींबरोबर राहायची. दोघी दोन वेगळ्या रिक्षांनी आल्या आणि मधली खुर्ची मोकळी सोडून बसल्या. मुलीला एकाच गोष्टीची धास्ती होती, की वरच्या कोर्टात पुन्हा उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. मी म्हटलं, अजिबात नाही. अपिलात कुणाला पिंजऱ्यात बोलवत नाहीत. खालच्या कोर्टात झालेली प्रत्येक साक्ष, प्रत्येक उलटतपासणी एका जाड बाडात बांधतात, त्याला पेपरबुक म्हणतात, आणि वरचे न्यायाधीश ते वाचतात. नवा पुरावा क्वचितच घेतात. मुलीने हे ऐकल्यावर पहिल्यांदा पाण्याचा ग्लास उचलला.

लोकांना वाटतं, ज्यांनी मुलीचा चेहराही पाहिला नाही ते काय न्याय करणार! मला याच्या बरोबर उलट वाटतं. चेहऱ्यावर काय जातंय! रडणारा खरा आणि न रडणारी खोटी, हा हिशोब मी खालच्या कोर्टांत पुष्कळ पाहिलाय. वरच्या कोर्टात कागद बोलतो. न्यायाधीश सगळा पुरावा नव्याने तोलतात. मुलीला महिना नीट आठवला नाही, पलंग खिडकीजवळ होता की भिंतीजवळ हे दोनदा वेगळं सांगितलं, असल्या बारीकसारीक फरकांनी मूळ गोष्ट ढासळत नाही. घरातल्या घरात घडलेल्या गुन्ह्याला बाहेरचा साक्षीदार कुठून येणार? म्हणून एकट्या मुलीची साक्षही पुरते, फक्त ती भरवशाची हवी. आणि खरोखरच शंका राहिली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो. तो मिळायलाच हवा असं माझं मत आहे. अशाच आरोपात अडकलेल्या एका माणसाला मी अपिलात सोडवून आणलंय आणि मला त्याची खंत नाही, कारण त्या खटल्यात पुराव्याच्या नावाने शंख होता. म्हणूनच या खटल्याचे कागद वाचून झाल्यावर मी मुलीला सांगू शकले की शिक्षा टिकेल. मी असं उगाच कुणाला सांगत नाही.

तरी तो फोटो होता. मामाचे मुंबईचे वकील हुशार आणि अत्यंत मवाळ. त्यांच्या लेखी मुद्द्यांत अर्ध्याहून अधिक जागा त्या फोटोलाच दिलेली. पोटच्या पोरीवर असा प्रसंग ओढवल्याचं कळूनही कुठली आई त्या माणसाला हसत हसत टिळा लावेल, तेव्हा मुलीने लग्नाआधी काही सांगितलंच नव्हतं आणि महिन्याभराने दोघींनी मिळून ही कहाणी रचली, असं त्यांचं म्हणणं. वडिलोपार्जित जमिनीच्या वादातून हे कुभांड रचलं, असंही एक शेपूट जोडलेलं होतंच. ते कुठल्याही अपिलात असतं, आणि या खटल्यात त्याला काडीचाही आधार नव्हता.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात आई एकटीच ऑफिसात आली. पिशवीतून तिने एक टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र काढलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून आणलेलं, नात्यातल्या कुणा जाणत्याने मजकूर सांगितलेला. त्यात लिहिलं होतं की साक्षीच्या वेळी मी घाबरून चुकीचं बोलले, लग्नाच्या दिवशी मला काहीच ठाऊक नव्हतं, मुलीने मला नंतर सांगितलं. हे हायकोर्टात दिलं की फोटोतली हवाच निघून जाईल, असं त्या जाणत्याने तिला पटवलेलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी तिला बसायलाही सांगितलं नाही. म्हटलं, अहो, हे दिलंत तर समोरचे वकील पेढे वाटतील. तुमच्या मुलीने शपथेवर सांगितलंय की तिने तुम्हाला लग्नाआधी सांगितलं. आता तुम्हीच तिला खोटं पाडणार? आधी एक बोलायचं, मग दुसरं, हेच तर त्यांना सिद्ध करायचंय. या सगळ्या बाडात उलटतपासणीचा एकही धक्का न लागलेली ओळ तुमची आहे, आणि तीच तुम्ही खोडायला निघालात.

ती उभीच राहिली. मग खाली बघत म्हणाली, "त्याच वळीची लाज वाटती मला, मॅडम. ती वळ हाय म्हणून पोरगी घरी जेवत न्हाय."

तेव्हा माझा राग उतरला. तिला नुसता खटला जिंकायचा नव्हता. मला ठाऊक नव्हतं, एवढं कुठेतरी सरकारी शिक्क्यानिशी लिहिलं जावं, म्हणजे मुलगी आपल्याला माफ करेल, अशी तिची आशा होती. मला तिची फार दया आली. पण माझी अशील मुलगी होती, तेव्हा मी सांगितलं की तिला विचारल्याशिवाय मी हा कागद हातातही घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खराडीला गेले. तिच्या कंपनीच्या फाटकाबाहेर एक चहाची टपरी आहे. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली पोरं-पोरी सिग्नल सुटल्यासारखी तिथे येतात आणि पाच मिनिटांत परत आत जातात. मुलगी चहा घेऊन आली. मी तिला प्रतिज्ञापत्राबद्दल सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. तिने कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"नो वे, मॅम," ती म्हणाली. "तिला सांगा, आता व्हर्जन चेंज नाही करायचं. त्या दिवशी कोर्टात ती खरं बोलली ना, तेवढी एकच गोष्ट तिने प्रॉपर माझ्यासाठी केलीय. ती पण काढून घेणार का ती?"

मग ब्रेक संपला आणि ती आत गेली. मी तिथूनच हडपसरला गेले. आई नुकतीच पाळीवरून आलेली. तिला मी मुलीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. प्रतिज्ञापत्र तिने पिशवीतून काढलं आणि गॅसवर धरलं. हायकोर्टाच्या आठवड्यात स्वयंपाकघरात आग लागायला नको म्हणून मी ते घाईघाईने मोरीत टाकायला लावलं.

सुनावणीला मी आणि मुलीची आई स्वारगेटहून सकाळच्या शिवनेरी बसने मुंबईला गेलो. मुलीने रजा घेतली नाही. नंतर सांगा म्हणाली. मामाच्या वकिलांनी आपला मुद्दा फार छान मांडला. फोटो बाडात कुठल्या पानावर आहे ते त्यांनी न्यायमूर्तींना अदबीने सांगितलं आणि आवाज जराही न चढवता विचारलं की हा चेहरा हादरलेल्या आईचा दिसतो का. माझी पाळी आली तेव्हा मी फोटोपासूनच सुरुवात केली. म्हटलं, कहाणी रचायचीच असती तर या मायलेकींनी ती जरा बरी रचली असती. मुलीने लग्नानंतर सांगितलं, एवढं दोघींनी ठरवून घेतलं असतं की या फोटोला कुणी विचारलंही नसतं. इतकी सोपी वाट समोर असताना जी बाई भर कोर्टात म्हणते की मला ठाऊक होतं आणि तरी मी टिळा लावला, ती कुणाला वाचवायला खोटं बोलते आहे? या उत्तरात तिचा स्वतःचा काहीच फायदा नाही.

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आईचं वागणं चुकलं, म्हणून तिची साक्ष खरी मानायची, असं तुमचं म्हणणं?"

"होय," मी म्हटलं. "चुकलं ते तिने लपवलं नाही, म्हणून."

पुढे मी थोडक्यात सांगितलं की नवरीमागे मामा उभा नसणं म्हणजे आपल्याकडे काय असतं, आणि एका मुलीच्या लग्नासाठी दुसऱ्या मुलीचं दुःख महिनाभर थांबवणाऱ्या आया या राज्यात किती असतील. हे बरोबर आहे असं मी म्हणाले नाही. घडतं असं म्हणाले. न्यायमूर्तींनी समासात काहीतरी लिहिलं. मागच्या बाकावर आई हातातली पिशवी घट्ट धरून बसली होती. सगळं इंग्रजीत चाललेलं, तिला त्यातलं फारसं कळलं नाही. परतीच्या बसमध्ये खोपोलीपर्यंत तिने एवढंच विचारलं की आपलं बरं झालं ना. मी हो म्हटलं, आणि मला तशी खात्रीच होती.

निकाल काही आठवड्यांनी आला. अपील फेटाळलं, शिक्षा कायम. मी दोघींना ऑफिसात बोलावलं, कारण फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे. निकाल इंग्रजीत होता, मी मराठीत सांगत गेले. मुलीची साक्ष ठाम आणि भरवशाची आहे, किरकोळ विसंगतींनी तिला बाधा येत नाही, फिर्यादीला झालेल्या उशिराचं कारण पटण्यासारखं आहे, असं त्यात होतं. मुलगी मान हलवत ऐकत होती. मग तो परिच्छेद आला. एकीकडे थोरल्या मुलीचं तोंडावर आलेलं लग्न, दुसरीकडे धाकटीने सांगितलेली गोष्ट, अशा कोंडीत सापडलेल्या विधवा आईने जे केलं ते अनैसर्गिक म्हणता येणार नाही, आणि तिने ते न लपवता कबूल केल्यामुळे तिच्या साक्षीला बळच येतं, असं न्यायमूर्तींनी लिहिलं होतं. आईने पदर तोंडाला लावला. ती आवाज न करता रडत होती. मी वाचणं थांबवलं.

मुलगी मात्र रडली नाही. ती म्हणाली, "कोर्टाने समजून घेतलं तिला. मला नाही जमलेलं अजून."

आईने पदर खाली घेतला. "नको समजून घेऊ," ती म्हणाली. "समजून घ्यावं म्हणून न्हवतं सांगितलं मी. खरं हुतं म्हणून सांगितलं."

वकिलाचं काम निकालापाशी संपतं. मी कागद लावायला घेतले. मुलीने बॅग खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेली आणि थांबली. आईकडे न बघताच बोलली.

"रविवारी घरी येते. पण मला बोलायचंय. त्या लग्नाच्या दिवसाबद्दल, सगळं. मी त्या खोलीत बसून काय काय ऐकत होते ते. आणि मी बोलायला लागले की तू भाजी करपेल म्हणून उठून जायचं नाहीस."

"न्हाय जायची," आई म्हणाली.